मोहर्लीहून ताडोबा : जिप्सी सुटण्याआधीची पाच मिनिटं

ताडोबाची सफारी कशी होणार, हे गेटवर जिप्सी सुटण्याआधी गाईडशी जे बोलणं होतं त्यात ठरतं, असं माझं पक्कं मत झालं आहे. खोलीला एसी आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, नाश्त्याला काय असतं, याची चौकशी लोक महिनाभर करतात. पण ज्या माणसाच्या डोळ्यांनी आपण तीन-चार तास जंगल बघणार, त्याला जिप्सीत बसल्या बसल्या "वाघ दाखवा हं" एवढंच सांगून मोकळे होतात. म्हणून इथे सफारीबद्दल जास्त लिहिते आहे आणि राहण्या-जेवणाबद्दल जरुरीपुरतं.

आम्ही नाशिकचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. बरोबर नवरा, सहावीतला मुलगा, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे गाडी आमचीच झाली आणि कुणा अनोळखी माणसाच्या आवडीनिवडीचा प्रश्न आला नाही. जमत असेल तर असाच सहाचा गट करा. गेलो एप्रिलच्या अखेरीस. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळत नाही, पण पाणवठ्यावर जनावर येतं ते याच दिवसांत. सासूबाईंना घरी ठेवा असं सगळ्यांनी सुचवलं होतं. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही ते फार बरं झालं.

आधी गेट ठरवा, मग राहायची जागा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य राखीव भागात, शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी अशी गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून चांगली लांब आहेत. कोलाऱ्याला खोली आणि मोहर्लीचं परमिट असं झालं तर पहाटेची झोप आणि सफारी दोन्ही जातात. नागपूरहून थेट येणाऱ्यांना उमरेड, भिसी, चिमूर करत कोलारा जवळ पडतं. आम्ही मोहर्ली घेतलं, कारण सासूबाईंना चंद्रपूरच्या महाकालीचं दर्शन घ्यायचं होतं. समृद्धीवरून नागपूर, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर. वरोऱ्याला आनंदवन आहे, वेळ काढून थांबा. चंद्रपुरातून मोहर्लीकडे निघालं की ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्याच केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाचा जलाशय पुढे जंगलाला येऊन भिडतो. कोळसा, वीज आणि वाघ एकाच तालुक्यात कसे नांदतात हे माझ्या मुलाला त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर जेवढं कळलं, तेवढं मी वर्गात तासभर बोलूनही सांगू शकले नसते.

बुकिंगचं थोडक्यात. परमिट वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर साइट भरपूर आहेत, पत्ता नीट वाचा. परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक जातो आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ प्रतीत दाखवावं लागतं. मंगळवारी कोअर बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही बंद. शनिवार-रविवारी दर जास्त असतात आणि जागाही आधी संपतात. पॅकेज घेणार असाल तर परमिट, जिप्सी आणि गाईड यांतलं काय काय त्यात धरलं आहे आणि सफारी कोअरची आहे की बफरची (म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्यातली), हे लेखी घ्या. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एका एजंटाने कोअरचे पैसे घेऊन बफरची सफारी दिली होती, आणि त्यांना ते गेटवर पोचल्यावर कळलं.

बफर वाईट म्हणून हे सांगत नाही. आगरझरी, जुनोना, देवाडा इथे बफरमध्येही वाघ दिसतात, खर्च कमी येतो, आणि गावं, गुरं, शेतं यांच्यामधून वाघ कसा वावरतो हे तिथेच समजतं. आम्ही एक सकाळ जुनोन्याला दिली आणि मला ती मनापासून आवडली. पण जे घेतलं त्याचे पैसे द्यावेत आणि जे सांगितलं ते मिळावं, एवढं तर असायलाच हवं.

राहिलो मोहर्ली गावातल्या एका घरगुती ठिकाणी. नवरा-बायको आणि त्यांची कॉलेजातली मुलगी मिळून चालवतात. खोल्या साध्या, गाद्या कडक, संडास-बाथरूम लहान पण लख्ख. एसी नाही. खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर, आणि त्याच्या ओल्या वासात दुपारची झोप अशी लागते की उठवत नाही. वीज मात्र दिवसाआड जाते आणि मग त्या कूलरचा काही उपयोग उरत नाही. ज्यांना उकाडा सोसत नाही त्यांनी इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते आधी विचारून घ्यावं. जेवण फार चांगलं. तांदळाची भाकरी, लाखोळीची डाळ, आलू-वांग्याची भाजी, जवसाची चटणी. एका रात्री कढी-गोळे होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन गोळ्यांचं प्रमाण विचारून घेतलं आणि त्या काकूंशी गट्टी जमवली. पहाटे चारला चहा तयार असायचा. एकदाही उशीर नाही, आणि त्यासाठी कुणाला उठवावं लागलं नाही. बरोबर न्यायला डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि उकडलेले बटाटे द्यायच्या. तेच पैसे मोठ्या रिसॉर्टला देण्याऐवजी इथे दिले याचं समाधान आहे.

आता मुद्द्याचं.

गाईड गेटवर पाळीने मिळतो, आपण निवडत नाही. पहिल्या सफारीला आम्हाला जवळच्याच गावातल्या एक ताई मिळाल्या. ताडोबात बायका गाईडचं काम करतात हे ऐकलं होतं, प्रत्यक्षात भेटल्यावर मुलापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. त्यांनी परमिट तपासलं, मोबाईल खोलीवरच ठेवलेत ना हे विचारलं (आत नेता येत नाहीत) आणि मागे वळून म्हणाल्या, "ताई, तुमाले वाघच पायजे का जंगल बी पायजे?"

मी मनात तयार ठेवलेलं सगळं सांगितलं. जंगल हवं आहे. वाघ आला तर आनंदच, पण जिथे वीस गाड्या गोळा झाल्यात तिकडे पळायचं नाही. कॉल, म्हणजे जनावरांचा धोक्याचा इशारा, आला की इंजिन बंद करून थांबायचं, कितीही वेळ गेला तरी आमची कुरकुर नसेल. मुलाला झाडांची, पक्ष्यांची नावं हवी आहेत. आईंची पाठ दुखते, तेव्हा गाडी खड्ड्यांतून हळू. हे ऐकल्यावर ड्रायव्हरदादांचे खांदे सैल पडलेले मला मागून दिसले. नंतर ताईंनी सांगितलं की बहुतेक गाड्यांत बसल्या बसल्या पहिला प्रश्न असतो, काल कुठल्या गेटला काय दिसलं. मग ड्रायव्हरला बातमीच्या मागे गाडी पळवावीच लागते, कारण वाघ नाही दिसला तर पर्यटक त्याच्यावरच चिडतात. जंगल वाचायचं कसब दोघांकडेही होतं. ते वापरायला त्यांना आमच्याकडून मोकळीक हवी होती, एवढंच.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळातले, त्यांतून दोर ओवून घंटांनी निरोप पोचवायचे असं सांगतात. एप्रिलमध्ये साग उघडा पडलेला असतो, खाली मोठ्या पानांचा सडा. त्यावरून साधा सातभाई उड्या मारत गेला तरी मोठं जनावर चालल्यासारखा आवाज येतो. कढईच्या झाडांची पांढरीफटक खोडं लांबूनही उठून दिसतात. एका अर्जुनाच्या खोडावर खालपासून वरपर्यंत ओरखडे होते. मधाच्या पोळ्यासाठी अस्वल चढलेलं, नखं रुतवत. जुने ओरखडे काळे पडलेले आणि नवे आतून तांबूस. मुलाने हात लावायला मागितला, ताई म्हणाल्या, उतरायचं नाही, इथूनच बघ. गाडीतून उतरायला मिळतं ते फक्त ठरलेल्या जागी, आणि हा नियम त्यांनी एकदाही सैल केला नाही.

पुढे मातीच्या रस्त्यावर ठसे दिसले. गाडी थांबवून ताईंनी मुलाला वाकून बघायला लावलं. गादी कुठली, बोटं किती, नखं का उमटत नाहीत. मग विचारलं, हा ठसा रात्रीचा की आत्ताचा? मुलगा गप्प. त्यांनी शेजारच्या धुळीकडे बोट दाखवलं. रात्रभरात किडे-मुंग्या धूळ तुडवत जातात, त्यांच्या बारीक रेघा जागोजागी उमटल्या होत्या, आणि वाघाच्या ठशात मात्र एकही रेघ नव्हती. कडा अजून धारदार होत्या. म्हणजे रेघा आधी आणि वाघ नंतर. "आताच गेली जी, मादी हाये," एवढं म्हणून त्यांनी ड्रायव्हरदादांना हाताने खूण केली. गाडी थोडी पुढे जाऊन एका पाणवठ्यापाशी थांबली. इंजिन बंद.

आधी वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग चितळ. आम्ही सगळे ताठ झालो, पण ताई शांत होत्या. "चितळ उगाच बी ओरडते. सांबर ओरडलं का मग खरं." बराच वेळ काही झालं नाही. आमच्या मागून तीन-चार जिप्सी धुरळा उडवत पांढरपौनीच्या दिशेने गेल्या. तिकडे काहीतरी दिसल्याची बातमी असावी. नणंदेच्या यजमानांची चुळबुळ सुरू झाली, ताईंनी वळून फक्त बघितलं. आणि बांबूच्या बेटामागून सांबराचा तो एकच मोठा, फुटका आवाज आला.

वाघीण आली ती घाईत नव्हती. बांबूतून बाहेर, पाण्याच्या काठापर्यंत, मग ती वळली, पाठ पाण्याकडे केली आणि मागचे पाय आधी टाकत हळूहळू पाण्यात बसली. मुलगा माझ्या कानात म्हणाला, उलटी का जाते? ताईंनी ऐकलं. "डोळ्यात पाणी गेलेलं आवडत नाही तिले. अन् तोंड जंगलाकडं पायजे, कोण येते ते दिसाले." ती बसल्यावर पाठीवरच्या पट्ट्यांच्या कडा पाण्याने गडद झाल्या, कान मात्र सारखे फिरत होते, एकदा पुढे, एकदा मागे. सासूबाई आत्तापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "किती तहानली असेल गं."

काही वेळाने मागून इतर गाड्या आल्याच. एका गाडीतल्या माणसाने वाघिणीने मान इकडे करावी म्हणून शिट्टी मारली. हे मला असह्य झालं आणि मी ते स्पष्ट लिहिते. ज्या घरात पाहुणे म्हणून गेलो तिथे यजमानाला शिट्टी मारून हाक मारत नाहीत. त्यांच्याच गाईडने त्यांना गप्प केलं. आमच्या ताई म्हणाल्या, आपण निघू, ती उठली की याच रस्त्याने पलीकडे जाणार, वाट मोकळी पायजे तिला. आम्ही सगळ्यांत आधी आलो होतो आणि सगळ्यांत आधी निघालो. नणंदेच्या यजमानांना ते पटलं नाही. मला पटलं.

सगळ्याच सफारी अशा झाल्या नाहीत. एका दुपारी मिळालेला गाईड तरुण होता, मी तेच सगळं त्यालाही सांगितलं, त्याने मान डोलावली आणि पाऊण तासात आम्ही गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. पुढच्या गाडीतल्या लोकांच्या टोप्या तेवढ्या दिसल्या. त्यानंतर मी पुन्हा, जरा ठामपणे, गाडी वळवायला सांगितलं. तेलिया तलावाच्या बाजूला गेलो तर काठावर रानकुत्र्यांचा कळप पाणी पीत होता, पिल्लांसकट. तुरेवाला सर्पगरुड अगदी डोक्यावरच्या फांदीवर. पाण्यापाशी स्वर्गीय नर्तकाचा नर, लांब पांढरी शेपूट मागे सोडून सारखा बुडी मारत होता. वाघ नव्हता. ही सफारी फुकट गेली असं म्हणणारे लोक आमच्याच गाडीत होते. मी तिला पहिल्याइतकेच गुण देते.

म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक नीट लक्षात ठेवण्यासारखं. जिप्सीत ड्रायव्हरच्या मागे दोन रांगा असतात. शेवटची रांग चाकांवर येते आणि खड्ड्यात सगळ्यांत जास्त तीच उडते. सासूबाईंना पुढच्या रांगेत मधोमध बसवलं, पाठीला उशी दिली, तरी संध्याकाळी कंबर बोलत होतीच. त्यांनी रोज एकच सफारी केली, सकाळची. दुपारी त्या काकूंबरोबर घरी, एकदा आगरझरीला फुलपाखरांच्या उद्यानात. डोक्याला-तोंडाला पातळ सुती पंचा ओला करून बांधा. थंडीत जाणार असाल तर उलट, पहाटे उघड्या गाडीत वारा हाडात शिरतो, ब्लँकेट मागून घ्या.

हे जंगल महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. तेव्हा ते ११६ चौरस किलोमीटर होतं. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटर आणि त्याभोवती अकराशेचा बफर. कोअर मोकळा झाला तो जामणी, नवेगाव यांसारखी गावं उठून बाहेर गेली म्हणून. आज जामणीच्या ज्या गवताळ मैदानात गाड्या वाघासाठी थांबतात, तिथे घरं आणि शेतं होती. ताडोबा तलावाच्या काठी ज्या तारू नावाच्या गावप्रमुखाच्या नावावरून हे नाव आलं असं म्हणतात त्याचं ठाणं आहे, आणि पौषात आदिवासी तिथे येतात. वाघाशी लढताना तो गेला अशी कथा आहे.

ती कथा तिथल्या लोकांसाठी फार जुनी झालेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच कोअरमध्ये पाहणीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात ते व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही शेताशिवारातून फिरतात. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला भल्या पहाटे बऱ्याचदा बायका जातात. आमच्या गाईडताईंची आई अजून मोहफुलं वेचायला जाते. ताई पहाटे आम्हाला वाघ दाखवायला निघतात आणि त्याच वेळी आई हातात काठी घेऊन, चार जणींच्या सोबतीने, मोठ्याने बोलत मोहाखाली जाते. वाघिणीचे कान कसे फिरतात हे त्यांना कसं माहीत, हे मला तेव्हा समजलं. म्हणून माझं म्हणणं आहे की टीप देताना हात आखडता घेऊ नका, थेट गाईडच्या आणि ड्रायव्हरच्या हातात द्या, आणि वाघ दिसला नाही त्या दिवशीही तेवढीच द्या.

पैशांचा हिशोब विचाराल तर सगळ्यांत मोठा खर्च सफारीचाच होतो, राहण्याचा नाही. दर बदलत असतात म्हणून आकडा लिहीत नाही. मी असं सुचवेन की खोली साधी घ्या आणि उरलेल्या पैशांत एक सफारी वाढवा, शक्यतो मधल्या वारी. एकाच सफारीत वाघ दिसलाच पाहिजे अशी ओढाताण असली की गाडीतल्या कुणालाच काही नीट दिसत नाही.

आम्ही पुढच्या वेळी झरी-पांगडीच्या बाजूने कोळसा नावाचा जंगलाचा भाग बघणार आहोत, आणि तोही पावसाळा संपल्या संपल्या. तेव्हा गवत उंच असतं, वाघ कमी दिसतो, पण रस्त्यावर या झाडापासून त्या झाडापर्यंत मोठ्या रानकोळ्यांची जाळी लागलेली असतात, असं ताईंनी सांगितलं आणि मुलाने ते वहीत लिहून घेतलं आहे. सासूबाई येणार म्हणतात. त्यांच्यासाठी पुढची रांग आणि जाड उशी आत्ताच ठरली आहे.